पाच बिया

१

गोदातीर संसदेची मतं कोणीतरी खाऊन टाकली होती.

साधनाताईंनी तांब्याचा गडू उचलला तेव्हाच हाताला ते समजलं. तरी त्यांनी झाकण काढून आत पाहिलं. तळाशी दोन-तीन वाळके देठ होते, बाकी काही नाही.

"काय हो महासचिव, मोजताय ना?" अध्यक्षांच्या खुर्चीतून खंडेराव म्हणाले. "ऊन उतरायला लागलं."

साधनाताईंनी गडू उलटा करून दाखवला. देठ टेबलावर पडले. बाहेर नळाखाली लंकाबाई पातेलं विसळत होत्या त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, कॉलनीच्या छोट्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी ही संसद भरायची. सगळे निवृत्त. दिवाळीनंतर चिठ्ठ्या टाकून पदं वाटायची, खिडकीकडे सत्ताधारी आणि दाराकडे विरोधक बसायचे. खऱ्या देशाचं, पक्षाचं किंवा पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, असा कडक नियम होता. पहिल्याच वर्षी अशा एका नावावरून दोन जिवलग मित्रांनी पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत अबोला धरला होता, तेव्हापासूनचा.

मतदानाची रीतही इथलीच. खंडेराव विंचूरचे द्राक्षबागायतदार, बेदाणा त्यांच्या घरचा. प्रत्येकाने एक हिरवा आणि एक काळा बेदाणा मुठीत घ्यायचा. ठरावाच्या बाजूने असाल तर हिरवा गडूत टाकायचा, विरोधात असाल तर काळा. उरलेला तिथल्या तिथे तोंडात टाकायचा, म्हणजे मत गुप्त राहतं. 'एक गडूत, एक गालात' असं ते म्हणायचे. मग आधी चहा, नंतर मोजणी. चहाने भांडणं निवतात, असा अनुभव होता.

आज मात्र भांडण नव्हतं. नुसती काळजी होती.

ठराव मित्रदेशाबद्दल होता. तिकडे तीन आठवडे दंगे चालले होते. आपल्या दूतावासावर दोनदा दगडफेक झाली, दुसऱ्या वेळी फाटक जाळलं. 'हे सभागृह मित्रदेशाच्या पाठीशी उभं आहे आणि आपला दूतावास तिथे चालू राहावा असं त्याचं मत आहे,' हा ठराव परराष्ट्रमंत्री म्हणून उज्वला गायधनींनी मांडला. आणि त्या दूतावासात, व्हिसाच्या खिडकीवर, त्यांची एकुलती एक मुलगी निकिता होती.

'तुम्ही ह्या वेळी मांडू नका,' असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. उज्वलाताई म्हणाल्या, "निकितानेच मागितलाय. कितीही साधा असो, म्हणाली, इथल्या लोकांना वाचून दाखवीन." तिकडे संध्याकाळी, आपल्या सहाच्या सुमाराला, तासभर नेट चालू व्हायचं. त्या तासात ठराव पोहोचायला हवा होता.

आता ठरावच नव्हता.

खंडेरावांनी उठून दार लावलं. "चहाच्या वेळी आत कोण कोण आलं होतं?"

चार हात वर झाले. पहिला हात स्वतः अध्यक्षांचा होता, शेवटचा उज्वलाताईंचे यजमान आणि विरोधी पक्षनेते ढुंढिराज यांचा.

२

साधनाताईंनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं होतं. त्यांना मत नव्हतं. अध्यक्ष आणि महासचिव मतदान करत नाहीत. त्यामुळे चौकशी आपोआप त्यांच्याकडे आली. त्यांनी ठरवलं, चौघांना पहिला प्रश्न एकच विचारायचा, म्हणजे उत्तरं शेजारी ठेवून पाहता येतील.

उज्वलाताई व्हरांड्याच्या कठड्याशी एकट्याच बसल्या होत्या, फोन मांडीवर उताणा.

"उज्वला, आज बेदाणा कसा लागला?"

"हे काय विचारणं झालं?" त्या थकल्यासारख्या हसल्या. "मऊ होता. गोड. खंडूअण्णांचा बेदाणा कधी वाईट असतो का?"

"आत कशाला गेली होतीस?"

"चष्मा राहिला होता टेबलावर. मतदान झाल्याझाल्या गेले आणि आले." त्यांनी फोन सरळ केला. पडदा काळाच होता. "साधना, आज जाईल ना गं तो ठराव?"

"जाईल," साधनाताई म्हणाल्या. पुरावा हातात नसताना त्या सहसा असं बोलत नसत.

खंडेराव खुर्चीतून हललेच नव्हते. कोटाच्या उजव्या खिशावर त्यांचा हात होता आणि खिसा फुगलेला होता.

"अण्णा, बेदाणा कसा होता आज?"

"कसा म्हणजे? नेहमीसारखा."

"खिशात काय आहे?"

"काय नाय."

"अण्णा, तुम्हाला शुगर आहे. वहिनींना फोन लावू?"

खंडेरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच खिसा रिकामा केला. ओंजळभर काळे बेदाणे टेबलावर पडले.

३

"मी नाय खाल्ली मतं," खंडेराव म्हणाले. "आईच्यान. हे उरलेले हायेत."

"मग लपवता कशाला?"

"एक खाऊन बघा, म्हंजी कळंल."

साधनाताईंनी एक काळा बेदाणा तोंडात टाकला. दाताखाली काहीतरी कडक आलं. त्यांनी ते तळहातावर घेतलं. दोन बिया होत्या.

"यंदा छाटणीनंतर पाऊस झोडपून गेला," खंडेराव खालच्या आवाजात सांगू लागले. "काळ्या बागेची वाट लागली. हिरवा हाय, काळा नाय. मग कुंपणावरचा म्हातारीनं लावलेला जुना वेल हाय ना, त्याचे वाळवले. बी हाय त्यांच्यात. आता चाळीस वर्सं द्राक्षं पिकवणारा माणूस, माल परदेशी पाठवणारा, आन सभागृहात बियाचा बेदाणा आणला म्हणून सांगू का? मतदान झाल्याबरोबर ताटलीतले उरलेले काळे उचलून खिशात घातले, हिरवे पिशवीत भरून गाडीत ठेवले. त्यासाठीच आत आलो होतो."

"हिरव्यात बी नाही?"

"एक पण नाय. ते बागेतले हायेत."

"कुणी तक्रार केली तुमच्याकडे बियांची?"

"कोणीच नाय केली. त्याचंच नवल वाटतंय मला. सतरा माणसं. त्यातल्या निम्म्यांना तरी बी लागली असंल. मयुरेश तर चहात मुंगी निघाली तरी ठराव मांडतो."

तळहातावरच्या बिया साधनाताईंनी रुमालात बांधल्या. लोक गप्प का बसले, ते त्यांना दिसू लागलं होतं. गालात काळा, म्हणजे गडूत हिरवा. 'बी लागली' असं म्हणणं म्हणजे आपलं मत सांगून टाकणं.

मयुरेश हा विरोधी पक्षाचा प्रतोद. बँकेतून निवृत्त झालेला, संसदेतला सगळ्यात तरुण, म्हणजे बासष्टचा. तो दारापाशी फोनचा चार्जर गुंडाळत उभा होता. चार्जरसाठीच आत गेलो होतो, असं त्याने न विचारताच सांगितलं.

"बेदाणा कसा होता?"

"ह्या प्रश्नाचं उत्तर देणं माझ्यावर बंधनकारक नाही, महासचिव."

"बी लागली?"

मयुरेश चार्जर गुंडाळायचा थांबला. "ही आमच्या पक्षाची अंतर्गत बाब आहे," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

४

लंकाबाई देवळ्याच्या. कांद्याचं शेत थोरल्याकडे सोपवून धाकट्याच्या फ्लॅटवर राहायला आलेल्या. संसदेत त्या कृषिमंत्री, आणि चहाही त्यांचाच, कारण दुसऱ्या कुणाचा त्यांना पटत नसे.

"कोणी खाल्ली असतील गं बाई मतं?" त्या म्हणाल्या. "माझ्यावर तर नाही ना संशय?"

"तुम्ही आत गेलाच नव्हतात. बेदाण्याला बी होती?"

"व्हती की. दोन व्हत्या. मी फोडून खाल्ल्या. कडूझार. थुंकत बसायची सवय नाय मला." मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं. "आता सांगितलंच हाय तर सांगते, हिरवा टाकला मी. उज्वलाचा ठराव, मी काय काळा टाकणार?"

"चहाचं काय झालं आज? कुणी काही बोललं?"

"चहाचं काय व्हायचंय? एकाच पातेल्यातला सगळ्यांनी पिला. फक्त तुमच्या विरोधी पक्षनेत्यांना अगोड लागला. दोनदा साखर मागितली. एरवी 'वहिनी, साखर कमी' म्हणून जीव खातो माणूस. मी म्हटलं, काय भाऊ, घरी जाऊन सांगू का उज्वलाला?"

साधनाताईंनी नळाकडे पाहिलं. "कपबशा विसळल्या?"

"नाय अजून. पातेलं झालंय. कपबशा ज्याच्या त्याने न्यायच्या ना."

साथीच्या वर्षापासून ही पद्धत पडली होती. प्रत्येकाची कपबशी घरून आणलेली. कुणाची निळ्या फुलांची, कुणाची लग्नातल्या सेटमधली शेवटची उरलेली, मयुरेशची बँकेच्या निरोप समारंभातली. बोलावणं आलं तेव्हा सगळे घाईने आत गेले आणि कपबशा कठड्यावर तशाच राहिल्या.

साधनाताई एकेका बशीपाशी वाकून पुढे सरकू लागल्या. निळ्या फुलांच्या बशीत दोन बिया. पुढच्या बशीत तीन. पुढच्या बशीत एकच, पण टपोरी. विरोधकांच्या सगळ्या बशा त्यांनी दोनदा पाहिल्या. एकूण एक बशीत बिया होत्या. ज्यांनी दीड तास ठरावाविरुद्ध भाषणं ठोकली होती, त्यांनी एकजात हिरवा टाकला होता.

"मयुरेश," त्यांनी हाक मारली. "हे ठरवून केलंत तुम्ही?"

मयुरेशने बशांकडे पाहिलं आणि हात टेकले. "ढुंढिराजरावांनी काल रात्री सगळ्यांना फोन केले. म्हणाले, भाषणं विरोधातच करायची, ते आपलं कामच आहे. पण गडूत हिरवा टाकायचा. पोरीला एकमताचा ठराव गेला पाहिजे. आणि उज्वलाताईंना आधी सांगायचं नाही. मोजताना एकेक हिरवा निघेल, तेव्हा त्यांचं तोंड बघायचं होतं आम्हाला."

सतरा मतदारांच्या सतरा कपबशा. त्यांतल्या दोनच बशा स्वच्छ होत्या. एक लंकाबाईंची, ती का स्वच्छ होती ते त्यांनी सांगितलंच होतं.

दुसरी पांढरी, बारीक सोनेरी काठाची. साधनाताईंनी ती उचलली. काठावर चहाचा एक थेंब वाळला होता, तेवढाच. तिच्या शेजारी तिच्याच जोडीची तशीच बशी होती. तिच्यात बियांची लहानशी रास होती.

साधनाताईंनी त्या मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच होत्या.

ती जोडी गायधनींच्या घरची होती.

५

ढुंढिराज गायधनी मागच्या पायऱ्यांवर बसले होते. त्यांचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यायांचं, पण ते स्वतः वीज मंडळातून निवृत्त झालेले. साधनाताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि सोनेरी काठाची, बियांची बशी मधे ठेवली.

"आत कशाला गेला होतात, हे मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "बेदाणा कसा होता, तेवढं सांगा."

"बरा होता."

"किती होते?"

ढुंढिराजांनी बशी जराशी लांब सरकवली.

"द्राक्षाच्या एका मण्यात दोन कप्पे असतात. एका कप्प्यात फार तर दोन बिया. म्हणजे चारच्या वर जात नाही. वेल कुणाच्याही म्हातारीने लावलेला असो." त्यांनी बशीकडे बोट केलं. "इथे पाच आहेत. तुम्ही काळे दोन खाल्लेत. एक तुमचा, म्हणजे तुम्ही हिरवा टाकलात. दुसरा काळा गडूतला. आणि नुसता तोच खाल्ला असतात, तर चहा अगोड लागला नसता. मूठभर गोड खाल्ल्याशिवाय लंकाबाईंच्या चहात माणूस दोनदा साखर मागत नाही."

ढुंढिराजांनी समोरच्या सोनचाफ्याकडे पाहिलं.

"नैवेद्य संपवायची सवय लहानपणापासून आहे," ते म्हणाले. "आजोबा म्हणायचे, देवाला वास, ढुंढूला घास."

साधनाताई हसल्या नाहीत, पण बशी त्यांनी थोडी त्यांच्याकडे सरकवली.

"मी तिला चहा नेऊन दिला," ढुंढिराज सांगू लागले. "माझ्या तोंडात बिया होत्या, त्या मी बशीत टाकल्या. सहज तिच्या बशीकडे पाहिलं. साधनाताई, ती पेरू खाताना बिया काढत बसते. डाळिंब तर हातात धरत नाही. बी गिळणं तिला जमत नाही, जमलंच नाही कधी. आणि बशी स्वच्छ. म्हणजे हिरवा तिने खाल्ला होता. काळा गडूत."

"स्वतःच्या ठरावाविरुद्ध."

"तिला वाटलं असणार, विरोधकांचे सात-आठ काळे पडतील, त्यांत आपला एक मिसळून जाईल. कुणाला कळायचं नाही. आणि मी मूर्खाने रात्री बसून सगळ्यांना फोन केलेले. गडूत एकच काळा. मोजताना तो वर आला असता, आम्ही एकमेकांकडे पाहिलं असतं, कुणीतरी बोललं असतं की आम्ही सगळे तर हिरवे. मग कोण उरलं? तिच्या वाट्याला सगळ्यांची नजर आली असती. आजच्या दिवशी."

"तेवढा काळा काढायचा होता."

"मग एक मत कमी भरलं असतं. बदली टाकायला हिरवा शोधला, तर खंडूअण्णांनी ताटली साफ करून ठेवलेली. बाहेर कुणाचातरी पाय वाजला. मी गडू तोंडाला लावला." त्यांनी कपाळ चोळलं. "आता तुम्ही आत जाऊन सांगणार?"

साधनाताईंनी आयुष्यात कधी प्रयोगाचं खोटं निरीक्षण लिहिलं नव्हतं. विद्यार्थ्यांचीही त्यांनी ह्या एका गोष्टीवरून गय केली नव्हती. रुमालात दोन बिया होत्या. स्वच्छ बशीत त्या टाकल्या, तर सतराच्या सतरा मतं हिरवी झाली असती आणि सहाच्या आत ठराव गेला असता. त्यांचा हात रुमालाच्या गाठीपर्यंत गेला.

"तसलं काही करू नकोस, साधना," मागून आवाज आला.

दारात उज्वलाताई उभ्या होत्या. किती वेळ, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

६

आत गेल्यावर उज्वलाताईंनी अध्यक्षांकडे बोलायची परवानगी मागितली. खंडेरावांनी दिली.

"गडूत एक काळा होता," त्या म्हणाल्या. "तो माझा होता."

विरोधकांच्या बाकांवरच्या माना एकदम वर झाल्या.

"सकाळी निकिताचा मेसेज आला. नवं फाटक बसलं म्हणाली. हिरवा रंग दिलाय. उद्यापासून खिडकी उघडतोय, बाहेर आत्ताच रांग आहे. तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर ती रांगच आहे. त्यात कोण कसा माणूस असेल, कुणाला माहीत? भाषण मी वाचलं. चांगलं वाचलं, असं तुम्हीच म्हणालात. पण गडूपाशी गेले आणि हात काही हिरवा सोडेना. म्हटलं, विरोधकांचे काळे आहेतच. त्यांच्या आडून एका आईला एकदा नाही म्हणू द्या." त्यांनी समोरच्या बाकांकडे पाहिलं. "तुम्ही सगळे असे उलटाल, हे मला काय माहीत?"

"विरोधी पक्षावर इतका विश्वास बरा नव्हे, ताई," मयुरेश म्हणाला.

"आणि गडू रिकामा मी केला," ढुंढिराज जागेवरून म्हणाले. "नोंद घ्यावी."

"अहो, सगळे खाल्लेत? शुगर तपासून दोन महिने झालेत तुमची."

"सभागृहात घरगुती विषय नकोत," खंडेराव म्हणाले. आणि मग बेदाण्याबद्दल स्वतःही काय ते कबूल करून मोकळे झाले. लंकाबाई पदराआड हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

सव्वापाच वाजले होते. हिरव्या बेदाण्याची पिशवी गाडीत होती, काळे खंडेरावांच्या खिशातून आलेच होते. साधनाताईंनी ताटली भरली.

"उज्वलाताई, तुम्ही मत नाही दिलं तरी चालेल," खंडेराव म्हणाले. "नियमात बसतं."

"नाही, देते." उज्वलाताईंनी मूठ पुढे केली. "ती थांबणारच आहे अण्णा, मी नाही म्हटलं तरी. बापावर गेलीय. मग निदान एकटीने थांबायला नको तिला."

ह्या खेपेला रांगेत कुणी कुजबुजलं नाही. एकेक जण गडूपाशी जाऊन मूठ उघडत होता आणि दुसरा हात तोंडाकडे नेत होता. बिया आहेत हे आता सगळ्यांनाच माहीत होतं. मत गुप्त ठेवणं ह्या खेपेला जमणारं नव्हतंच, आणि ते कुणाला नकोही होतं.

उज्वलाताई सगळ्यांत शेवटी गेल्या. मूठ गडूवर धरून त्या उभ्या राहिल्या. कठड्यावरच्या साळुंक्या उडून गेल्या, कॉलनीच्या फाटकातून कुणाची तरी स्कूटर आत आली, तरी त्या तशाच उभ्या होत्या. साधनाताईंनी नजर दुसरीकडे वळवली. काही निरीक्षणं करायची नसतात, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा पटलं.

गडूच्या तळाशी बारीक आवाज झाला.

त्या वळून आपल्या जागेकडे येत असताना, त्या शांत हॉलमध्ये, त्यांच्या दाताखाली काहीतरी कडक वाजलं. तो आवाज सतराजणांनी ऐकला, आणि ज्यांना मत नव्हतं त्या दोघांनीही. उज्वलाताई मधेच थांबल्या. चेहरा आंबट करून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

ढुंढिराजांनी न बोलता सोनेरी काठाची आपली बशी पुढे केली.